कौतुकाचं कवच

डिसेंबर २००० मध्ये शिकागोच्या एका दैनिकात आर. केली या गायकाविषयी बातमी आली. आपली प्रसिद्धी वापरून हा माणूस शाळकरी वयाच्या मुलींना गाठतो आणि त्यांचं शोषण करतो, असे आरोप दोन पत्रकारांनी मांडले होते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात तो दोषी ठरला सप्टेंबर २०२१ मध्ये. मधे जवळजवळ २१ वर्षं गेली. त्या काळात तो गात राहिला, त्याचे अल्बम खपत राहिले, आणि शाळांच्या निरोप समारंभांत मुलं त्याचं उंच उडण्याची उमेद देणारं गाणं एका सुरात म्हणत राहिली. २००२ मध्ये त्याच्यावर शिकागोत गुन्हा दाखल झाला होता. २००८ मध्ये तो निर्दोष सुटला आणि मैफली पुन्हा भरू लागल्या.

ही २१ वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. एखाद्या कलावंताच्या वागण्यावरून किंवा मतांवरून त्याच्याकडे पाठ फिरवावी का, असा विषय निघाला की कुणीतरी ठरलेलं वाक्य म्हणतं: कला वेगळी, कलावंत वेगळा. ऐकायला हे फार उदार वाटतं. सुरांनी काय पाप केलंय, असंही पुढे येतं. मला सूर प्रिय आहेत. केलीचा आवाजही मला आवडायचा, त्यातला तो चर्चमधल्या समूहगानाचा उमाळा खरा होता. तरीही हे वाक्य मला पटत नाही, आणि त्याचं कारण मला भावनेत सापडलं नाही, त्याच्या खटल्यात सापडलं.

न्यूयॉर्कच्या खटल्यात सरकारी वकिलांनी त्याच्यावर संघटित गुन्हेगारीचा कायदा लावला. हा कायदा १९७० मध्ये मुख्यतः माफिया टोळ्यांना आळा घालण्यासाठी झाला होता. गायकाला तो कसा लागतो? आरोपपत्रात मांडणी अशी होती की केलीभोवती मॅनेजर, अंगरक्षक, गाडीचे चालक, मदतनीस अशी एक संघटना होती आणि तिची उद्दिष्टं दोन होती. त्याच्या संगीताचा आणि नावाचा प्रसार करणं हे एक. त्याच्यासाठी मुली आणि बायका आणणं हे दुसरं. दोन्ही कामं तीच माणसं करत होती. मैफलीत पुढे उभ्या असलेल्या एखाद्या मुलीला मंचामागे बोलावलं जायचं ते त्या मैफलीमुळेच. ज्युरींनी ही मांडणी मान्य केली. २०२२ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली.

म्हणजे जी गोष्ट आपण रसिकपणाने वेगळी करू पाहतो, ती त्या माणसाने स्वतः कधीच वेगळी ठेवली नव्हती. त्याचं गाणं हेच त्याचं आमिष होतं. लोकांचं प्रेम हेच त्याचं कवच होतं. तक्रार करणाऱ्या मुलीसमोर एकटा गायक उभा नसतो, त्याच्यामागे टाळ्या वाजवणारे लाखो लोक उभे असतात, आणि तिच्या आईवडिलांनाही वाटतं की इतक्या लोकांना हा आवडतो तर आपल्या मुलीचंच काहीतरी चुकत असेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: एखाद्याची कीर्ती हेच त्याचं इतरांना इजा करण्याचं साधन झालेलं असेल आणि तो माणूस अजून त्या जागी बसलेला असेल, तर आपण त्याला कीर्ती पुरवणं थांबवायला हवं. त्याला शिक्षा व्हावी हा त्यामागचा हेतू नाही, शिक्षेला न्यायालयं आहेत. उद्या त्याच्या खोलीत बोलावली जाणारी मुलगी वाचावी हा हेतू आहे.

२०१७ मध्ये अटलांटातल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी नेमकं हेच केलं. केलीची गाणी रेडिओने लावू नयेत, त्याच्या मैफली ठरवू नयेत, एवढीच त्यांची मागणी होती. त्यासाठी त्यांनी रेडिओ केंद्रांवर आणि आयोजकांवर दबाव आणला. एकेक कार्यक्रम रद्द होऊ लागला. जानेवारी २०१९ मध्ये पीडित मुलींच्या मुलाखतींची माहितीपट-मालिका आली, त्याच महिन्यात त्याच्या रेकॉर्ड कंपनीने हात काढून घेतला, आणि फेब्रुवारीत त्याच्यावर पुन्हा गुन्हा दाखल झाला. बहिष्कारामुळेच खटला उभा राहिला असं मी म्हणणार नाही. पण क्रम बघण्यासारखा आहे. ज्यांच्या वस्तीतल्या मुली होत्या त्या बायका आधी उभ्या राहिल्या. रसिक मागून आले. व्यवस्था सगळ्यात शेवटी जागी झाली.

माझ्या भाचीने मला एकदा विचारलं होतं, "मावशी, मी एकटीने एक गाणं वाजवलं नाही तर त्याला काय फरक पडतो?" हिशेबाने पाहिलं तर तिचं बरोबर आहे. एका गाण्याचे गायकाला मिळणारे पैसे नगण्य असतात. मी तिला म्हटलं, पैशांचं सोड, पण तू ते गाणं चारजणींसमोर वाजवतेस तेव्हा त्यातल्या एखादीला काय वाटत असेल? आपल्या ओळखीच्या प्रत्येक घोळक्यात अशी एखादी असते जिने काही सोसलंय आणि सांगितलेलं नाही. आपण कुणाचं कौतुक करतो, कुणाबद्दल "जाऊ दे गं, कलावंत आहे" म्हणतो, यावरून ती मनाशी ठरवत असते की या लोकांना सांगावं की नको. मला हा मुद्दा पैशांहून मोठा वाटतो.

ब्रिटनमधला जिमी सॅव्हिल हे याचं सगळ्यात भयंकर उदाहरण. टीव्हीवरचा लाडका निवेदक, रुग्णालयांसाठी निधी जमवणारा दानशूर, १९९० मध्ये 'सर' झालेला. ऑक्टोबर २०११ मध्ये तो गेला तेव्हा लोक हळहळले. पुढच्याच वर्षी सत्य बाहेर आलं आणि पोलिसांकडे साधारण ४५० माणसं आपली हकिकत घेऊन आली. त्यातली कित्येक घटनेच्या वेळी लहान मुलं होती, काही तर रुग्णालयात उपचार घेत होती. दानधर्मामुळेच त्याला वॉर्डांत मोकळं फिरता येत होतं. काहीजणांनी त्या काळात बोलण्याचा प्रयत्न केला होता, पण इतक्या लाडक्या माणसाविरुद्ध त्यांचं कोण ऐकणार? इथे प्रेक्षकांना बहिष्कार टाकण्याची वेळच आली नाही. बहिष्काराच्या कितीतरी आधीची गोष्ट महत्त्वाची आहे ती ही: माणूस लाडका आहे, दानशूर आहे, हसवतो, एवढ्यावरून त्याच्या चारित्र्याचा दाखला आपण देऊ नये.

आणि बहिष्काराबद्दल बोलताना एका बहिष्काराचा आपल्याला साफ विसर पडतो. मिरा सोर्विनो या अभिनेत्रीला १९९६ मध्ये ऑस्कर मिळालं. त्यानंतर तिची कारकीर्द बहरायला हवी होती. ती ओसरत गेली. ॲशली जड या दुसऱ्या अभिनेत्रीच्या कारकिर्दीचंही तेच. २०१७ मध्ये हॉलिवूडचा बडा निर्माता हार्वे वाईनस्टीन याने केलेल्या लैंगिक शोषणाचं प्रकरण उघड झाल्यावर दिग्दर्शक पीटर जॅक्सनने सांगितलं की १९९० च्या दशकाच्या अखेरीस वाईनस्टीनच्या कंपनीने या दोघींबरोबर काम करणं म्हणजे डोकेदुखी आहे, त्यांना टाळा, असा सल्ला आपल्याला दिला होता, आणि आपण त्यांची नावं यादीतून काढली. वाईनस्टीनने हे नाकारलं. या दोघींनीही त्याची लगट धुडकावली होती.

त्यांच्यावर बहिष्कार पडला तेव्हा कुठेही चर्चा झाली नाही. कला वेगळी आणि कलावंत वेगळा, असं त्यांच्या वतीने कुणी म्हणालं नाही. आपण म्हणतो की अमुक दिग्दर्शकाला बाजूला केलं तर केवढ्या मोठ्या कलाकृतींना मुकू. सोर्विनोच्या न झालेल्या वीस वर्षांना आपण मुकलोच आहोत, फक्त त्या भूमिका कधी घडल्याच नाहीत म्हणून त्यांची हळहळ कुणाला वाटत नाही. मला वाटते. कॉमेडी, नाटक, संगीत, सगळीकडे अशा किती जणी आणि किती जण पहिल्या-दुसऱ्या कामानंतर दिसेनासे झाले असतील, याची मोजदाद कोण करणार?

इतकं ठामपणे लिहिल्यावर दुसरी बाजू तितक्याच ठामपणे लिहायला हवी. कारण जमावाचा राग आंधळा होऊ शकतो, आणि झालेला आहे.

रॉस्को आर्बकल हा मूकपटांच्या काळातला अतिशय लोकप्रिय विनोदी नट. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलात त्याने दिलेल्या पार्टीत व्हर्जिनिया रॅपी ही तरुण अभिनेत्री आजारी पडली आणि काही दिवसांनी वारली. वृत्तपत्रांनी आर्बकलला खुनी ठरवून टाकलं, मथळ्यांमागून मथळे छापले. तीन वेळा खटला चालला. पहिल्या दोन वेळी ज्युरींचं एकमत झालं नाही. एप्रिल १९२२ मध्ये तिसऱ्या ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं आणि वर लेखी निवेदन दिलं की नुसती सुटका पुरेशी नाही, या माणसावर मोठा अन्याय झाला आहे. त्यानंतर सहाच दिवसांनी चित्रपट उद्योगाचे प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. ती वर्षअखेरीस उठली, पण तोवर त्याचं नाव संपलं होतं. विल्यम गुडरिच या नावाने तो दिग्दर्शन करत राहिला आणि १९३३ मध्ये ४६ व्या वर्षी वारला.

मग माझ्यासारख्या प्रेक्षकाने ठरवायचं कसं? न्यायालयाच्या निकालाची वाट पाहा, हे उत्तर सोपं आहे, पण पुरत नाही. बिल कॉस्बी या अमेरिकी विनोदी नटावर पन्नासहून अधिक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये तो दोषी ठरला. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, कारण आधीच्या एका सरकारी वकिलाने खटला न भरण्याचं आश्वासन त्याला दिलं होतं आणि त्यावर विसंबून तो एका दिवाणी दाव्यात बोलला होता. कायद्याच्या दृष्टीने ते योग्य असेलही. त्यामुळे त्या पन्नास जणी खोट्या ठरत नाहीत. मी स्वतः पाहते ते हे: सांगणारी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि तरी पद्धत तीच सांगतात का, तक्रारी वर्षानुवर्षांच्या आहेत की एका रात्रीतल्या, कुणी नीट चौकशी केली आहे की फक्त मथळे आहेत, आणि आरोपीला आपली बाजू मांडायला मिळाली का. आर्बकलच्या वेळी एक घटना होती आणि हजार मथळे. केलीच्या वेळी अनेक मुली होत्या आणि वर्षानुवर्षं फारसे मथळे नव्हते. फरक कळायला वकील असावं लागत नाही. आणि कळत नसेल तर थांबता येतं. आजच्या आज मत देण्याची सक्ती कुणावर नाही.

हे झालं वागण्याचं. विचारांचं मला पूर्ण वेगळं वाटतं.

पॉल रोब्सनचा धीरगंभीर आवाज ज्याने ऐकला आहे त्याला तो विसरता येत नाही. वंशभेदाविरुद्ध तो आयुष्यभर बोलला. सोव्हिएत रशियाची त्याने केलेली भलामण मात्र मला आजही खुपते. स्टालिनच्या राजवटीत माणसं चिरडली जात होती आणि रोब्सन तिचं कौतुक करत होता. १९५० मध्ये अमेरिकी सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला, देशातली सभागृहं त्याला मिळेनाशी झाली, उत्पन्न कोसळलं. पासपोर्ट परत मिळाला १९५८ मध्ये. त्याचं मत चुकीचं होतं असं मी मानते, आणि त्याला गाऊ न देणं हा अन्याय होता असंही मानते. त्याच्या मतामुळे त्याच्या श्रोत्यांपैकी कुणाला इजा होत नव्हती. ज्यांना ते मत खटकत होतं त्यांना उत्तर द्यायला मोकळीक होती, साधनंही होती.

त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये कोण कम्युनिस्ट आहे याच्या १९४७ च्या चौकशीनंतर, कुणाला काम द्यायचं नाही याची काळी यादी तयार झाली. पटकथाकार डाल्टन ट्रम्बो तुरुंगात जाऊन आला आणि मग दुसऱ्यांच्या नावावर लिहीत राहिला. त्याच्या दोन पटकथांना ऑस्कर मिळाले, एक दुसऱ्या लेखकाच्या नावावर आणि एक टोपणनावावर. १९६० मध्ये त्याचं नाव पुन्हा पडद्यावर आलं. आणि १९७६ मध्ये, आणीबाणीत, सरकारी कार्यक्रमात गायला नकार दिला म्हणून किशोर कुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली, हे तर आपल्याकडच्या कित्येकांना आठवत असेल. या प्रत्येक वेळी कुणाचं रक्षण झालं? कुणाचंच नाही. सत्तेला नको असलेला माणूस गप्प झाला, एवढंच.

आज हे काम सरकारला करावंही लागत नाही. एखादा नट एखादं वाक्य बोलतो, सात वर्षांनी त्याचा चित्रपट येतो आणि ते वाक्य उकरून काढून बहिष्काराची हाक दिली जाते. चित्रपटात काम करणाऱ्या शेकडो लोकांचा त्या वाक्याशी संबंध नसतो. ज्याला त्या नटाचं तोंड पाहवत नाही त्याने खुशाल घरी बसावं, तो त्याचा हक्क आहे आणि त्यासाठी कारण द्यायचीही गरज नाही. पण दुसऱ्याने जाऊ नये म्हणून थिएटरसमोर दमदाटी करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला बहिष्कार म्हणणं मला मान्य नाही.

अपवाद मी एकाच ठिकाणी करेन. कलावंत आपल्या व्यासपीठावरून एखाद्या समूहाविरुद्ध हिंसेला चिथावणी देत असेल, तर ते नुसतं मत राहत नाही.

मधली जागा अवघड आहे, हे २०२२ ने दाखवलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर म्युनिकच्या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक व्हालेरी गेर्गियेव याला १ मार्चला पदावरून काढलं गेलं. गेर्गियेव पुतिनचा जुना, जाहीर समर्थक. २०१४ मध्ये क्रिमिया गिळंकृत करण्याला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर त्याची सही होती. शहराचं मानाचं पद अशा माणसाकडे ठेवायचं नाही, हा म्युनिकचा निर्णय मला समजतो. पण त्याच महिन्यात अलेक्झांडर मालोफेयेव या २० वर्षांच्या पियानोवादकाचे कॅनडातले कार्यक्रम रद्द झाले. या मुलाने युद्धाविरुद्ध जाहीरपणे लिहिलं होतं, मागे राहिलेल्या घरच्यांची काळजी असूनही. तरी तो रशियन होता. गेर्गियेवबद्दलचा निर्णय त्याने केलेल्या कृतीवरून होता, मालोफेयेवबद्दलचा त्याच्या जन्मावरून. पहिल्याचं समर्थन करणाऱ्यांनी दुसऱ्याविरुद्ध मोठ्याने बोलायला हवं होतं. फार थोडे बोलले.

जे मरून गेले त्यांचं काय? काराव्हाज्योने १६०६ मध्ये रोममध्ये एका माणसाला ठार मारलं. त्याची चित्रं पाहिल्याने आता कुणाचाही जीव धोक्यात येत नाही, तेव्हा मी ती पाहते, आणि तो खून लक्षात ठेवून पाहते. पण मृत्यूने प्रत्येक वेळी हिशेब मिटत नाही, हे जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नरमुळे कळतं. ज्यूंच्या संगीतातल्या स्थानाविरुद्ध त्याने १८५० मध्ये टोपणनावाने लेख लिहिला आणि १८६९ मध्ये तो स्वतःच्या नावाने पुन्हा छापला. १८८३ मध्ये तो वारला. पुढे नाझींनी त्याला डोक्यावर घेतलं. पुढे इस्राएलचा मुख्य वाद्यवृंद ठरलेल्या वाद्यवृंदाने १९३८ पासून त्याचं संगीत वाजवणं थांबवलं. तिथे कायद्याने बंदी नाही, संकेत आहे. छळछावण्यांतून वाचलेली माणसं सभागृहात असतील तर त्यांच्यासमोर हे वाजवायचं नाही, असा.

७ जुलै २००१ ला जेरुसलेममध्ये वाद्यवृंदाचा संचालक डॅनियल बारेनबॉइमने ठरलेला कार्यक्रम संपवला आणि श्रोत्यांकडे वळून विचारलं, वाग्नर ऐकायचा आहे का? ज्यांना नको असेल त्यांनी निघून जावं. अर्धा तास वाद झाला. काहीजण ओरडून, दारं आपटून बाहेर गेले. उरलेल्यांसमोर त्याने वाजवलं आणि उरलेल्यांनी उभं राहून दाद दिली. मला या प्रसंगात दोन्ही बाजू बरोबर वाटतात. गेलेल्यांना कुणी कलेचे शत्रू म्हणू नये आणि राहिलेल्यांना कुणी निर्दय म्हणू नये. जखम ज्याची त्याने काय ऐकावं हे इतरांनी शिकवायला जाऊ नये, मग ते इतर कितीही मोठे रसिक असोत.

बहिष्काराचा भार निर्दोषांवरही पडतो, हे खरं आहे. मालिकांचे जुने भाग बंद झाले की सहकलाकारांचं प्रक्षेपणाचं मानधन बंद होतं. यावर माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. एवढंच म्हणेन की निर्मात्यांनी तक्रारी ऐकून वेळेवर पावलं उचलली असती तर ही वेळ आली नसती, आणि त्यामुळे या नुकसानीची भरपाई त्यांच्याकडे मागावी, तक्रार करणाऱ्या बाईला त्याचा दोष देऊ नये.

केरळमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीचं अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी संघटना स्थापन केली आणि तिच्या रेट्यामुळे सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांची समिती नेमली. समितीने अहवाल दिला डिसेंबर २०१९ मध्ये. तो लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ ला, तोही नावं आणि कित्येक मजकूर वगळून. बायका गप्प का राहतात, याचं एक मोठं कारण त्यात नोंदलेलं आहे: बोललो तर काम बंद होईल ही भीती. नावं नसल्यामुळे प्रेक्षकाने कुणाकडे पाठ फिरवायची हे त्यातून ठरवता येत नाही. मात्र त्या संघटनेतल्या अभिनेत्री आणि दिग्दर्शिका आपलं नाव लावून बोलल्या आहेत, बोलल्यावर काम कमी झालं हेही त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं आहे. त्यांची नावं शोधायला दोन मिनिटं लागतात. त्यांचा नवा चित्रपट येतो तेव्हा मी तो पहिल्या आठवड्यातच पाहते, भाषा कळत नसली तरी, कारण पुढचं काम मिळणार की नाही हे बहुतेक वेळा त्याच आठवड्यात ठरतं.